आईच्या हातातली पाटी

आई पुण्याहून आमच्याकडे ऑकलंडला येते तेव्हा ती राहते इथल्या सँडरिंगहॅम उपनगरात, पण तिचा जीव असतो तिच्या सोसायटीतल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये. कोणाचे गुडघे, कोणाची सून, भजनाला कोण आलं नाही, सगळं तिला इथे बसून ठाऊक असतं. तळमजल्यावरची मावशी त्या ग्रुपची मुख्य. बँकेतून निवृत्त झालेली, आईची जिवाभावाची मैत्रीण. मला या ग्रुपची गंमत वाटायची. गाझातलं युद्ध सुरू झालं आणि हळूहळू त्याची किळस यायला लागली.

सुप्रभातच्या गुलाबांखाली भलतेच व्हिडिओ येऊ लागले. एकदा नाश्त्याच्या वेळी आईने फोन माझ्यापुढे धरला. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं एक मूल, त्याच्याभोवती लाल गोल आणि वर मजकूर, की ही बाहुली आहे, सगळं नाटक चाललंय. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. सोसायटीतलं मांजर मेलं तरी हळहळणाऱ्या बायका या.

"बघ गं, किती खोटारडी माणसं," आई म्हणाली.

"आई, ते मूल आहे."

"तुला काय माहीत? मावशीने पाठवलंय."

मावशीने पाठवलंय म्हणजे जणू बँकेचा शिक्काच बसला. मी पोहे तसेच ठेवले आणि उठले.

आमच्या शेजारी एक बाई राहते. तिच्या लिंबाच्या झाडाला इतकी लिंबं लागतात की ती कुंपणावरून पिशव्या भरून देते आणि आई तिला लोणच्याची बरणी परत करते. दोघींचं इंग्रजी यथातथाच. आईच्या लेखी ती लिंबूवाली. डोक्याला रुमाल बांधते म्हणजे मुसलमान, एवढं आईला कळलं होतं. कुठली, हे तिने कधी विचारलं नाही.

मग एका सकाळी लिंबूवालीच्या दारात गाड्याच गाड्या लागल्या. माझा नवरा कचऱ्याचा डबा आत घ्यायला गेला होता, तो बातमी घेऊन आला. ती गाझाची. तिच्या भावाची लहान मुलगी बॉम्बहल्ल्यात गेली होती.

 आई उठली आणि तिने भाताला तांदूळ धुतले. ज्या घरात माणूस गेलंय तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भात नेऊन द्यायचा, ही आमच्याकडची रीत. मी म्हटलं, "आई, त्यांच्यात हे चालतं का, ते आपल्याला माहीत नाही."

"नाही चाललं तर परत आणू," ती म्हणाली. तिने स्टीलचा डबा भरला आणि आम्ही दोघी गेलो.

आत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. डबा कोणीतरी हळूच आत नेला. आम्हाला लहान कपांत कडू कॉफी दिली. मयताच्या घरी पाण्याचा घोट न घेणारी माझी आई ती कॉफी प्यायली. लिंबूवालीने फोन पुढे केला. दोन वेण्या घातलेली, दात पडलेली मुलगी. तिने बोट सरकवलं. तीच मुलगी, पांढऱ्या कापडात. आईने फोन दोन्ही हातांनी धरला आणि बघत राहिली.

घरी आल्यावर पायरीवर बसून बूट काढताना ती म्हणाली, "तो व्हिडिओ मी पुढे पाठवला होता गं. माहेरच्या ग्रुपवरसुद्धा."

तिने त्याच दिवशी दोन्हीकडे लिहिलं, की ती बाहुली नाही, अशाच एका मुलीच्या आत्याजवळ मी आत्ता बसून आले, कृपा करून ते काढून टाका. मावशीने हात जोडलेले पाठवले आणि त्याच्या पाठोपाठ नाचणीच्या लाडवांची कृती. व्हिडिओ तिथेच राहिला.

इथे आमचं मराठी मंडळ आहे. तिथे असलं काही बोललं की 'मंडळात राजकारण नको' म्हणतात, आणि कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये तेच व्हिडिओ एकमेकांना दाखवून खिदळतात. सगळी शिकलेली माणसं, मोठमोठ्या पगाराची. मला त्यांच्याशेजारी बसून श्रीखंड खाणं आता जमत नाही.

शनिवारी लिंबूवाली शहरात मोर्चाला निघाली. युद्ध थांबवा म्हणून लोक जमायचे. मी याआधी गेले होते, पण या वेळी आई आपणहून तयार होऊन बसली. साडी, वरून माझं जाकीट, पायात चालायचे बूट. तिने आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापला होता आणि त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'मुलांना मारू नका'.

"अगं, इथे मराठी कोण वाचणार?"

"मला जे येतं त्यात लिहिलंय."

ती शेवटपर्यंत चालली. एक मुलगी तिला माओरीत नमस्कार करत "किया ओरा, आँटी" म्हणाली आणि पाणी देऊन गेली. खूप जण फोटो काढत होते. आईचाही कोणीतरी काढला.

तो फोटो फिरत फिरत पुण्याला पोचला. वर मजकूर होता: परदेशातल्या मोर्चांसाठी भाड्याने आणलेल्या बायका, एका दिवसाचे पैसे आणि जेवण मिळतं. कोणी लिहिलं देव जाणे. पण तो आईच्याच ग्रुपवर आला, तिच्या डोळ्यांदेखत. खाली पुन्हा तेच हसरे चेहरे. 'लाज कशी वाटत नाही', असं एकीने लिहिलं. तिच्या मुलीच्या डोहाळजेवणाचा स्वयंपाक आईने केला होता. पाटी मराठीत होती, स्वच्छ वाचता येत होती. तोंड दिसत होतं. अगं, ही तर आपली, असं एकीनेही लिहिलं नाही. मला शिसारी आली. अजूनही येते.

दुपारी, पुण्यात सकाळ होताच, मावशीचा फोन आला. आईला कमी ऐकू येतं म्हणून ती स्पीकरवर बोलते.

"पाटीवरचं अक्षर तुझंच, मी लगेच ओळखलं," मावशी म्हणाली. "म्हणून विचारते, कोणी लिहायला लावलं?"

"मीच लिहिलं."

"लेकीने नेलं ना तुला?"

"मीच गेले."

"बरं. आणि त्यांनी दिलं का गं काही? मी कोणाला सांगणार नाही."

आईने फोन ठेवला नाही. "अगं, मीच लिहिलं," ती पुन्हा म्हणाली, मग आणखी एकदा, शाळेतल्या मुलीसारखी. पलीकडून मावशी समजुतीच्या सुरात म्हणाली, "असू दे, असू दे. तू आलीस की निवांत बोलू."

फोन बंद झाल्यावर आई माझ्याकडे वळली. "आयुष्यात तिच्याशी मी कधी खोटं बोलले नाही," ती म्हणाली. "आता परत गेल्यावर माझं कुठलं बोलणं तिला खरं वाटेल?"