कोंडाण्याच्या वाटेवरचं कुत्रं

दिवाळीच्या सुट्टीत कोंडाण्याची लेणी पाहायची ठरवली, तेव्हा पुण्याहून निघून दोन दिवसांत परतायचा बेत होता. मला तीन आठवडे लागले.

जाणाऱ्यांनी सकाळच्या गाडीने कर्जतला उतरावं. स्टेशनाबाहेर टांगे असतात. कोंदिवड्यापर्यंत रुपया मागतात, बारा आण्यांत येतात. पुढे नदीकाठची पायवाट, मग ठाकरांची वाडी, मग चढ. शिधा आणि पाणी बरोबर घ्यावं.

मी लेण्यांपर्यंत पोचलो नाही. वाडीच्या तोंडाशी एक पिवळं कुत्रं मागून आलं आणि पोटरीला चावलं. ते भुंकलं नव्हतं. भुंकलं असतं तर मला इतकी भीती वाटली नसती.

पहिल्या झोपडीसमोर हिरू नावाचा म्हातारा बांबूच्या कामट्या काढत बसला होता. कुत्रं कुणाचं, असं मी विचारलं.

"कुनाचंच नाय," तो मान वर न करता म्हणाला.

कर्जतच्या डॉक्टरांनी जखम धुतली. "कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. जगलं तर निर्धास्त व्हा. मेलं किंवा दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी मुंबई गाठा. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील."

मी वाडीत परतलो. हे कुत्रं दहा दिवस जगलं तर मी जगेन, असं हिरूला सांगितलं. बांधून ठेवायला सांगितलं.

हिरूने माझ्या बुटांकडे पाहिलं. "जंगलखात्याचा हायस का?"

"शाळामास्तर आहे."

"मास्तर कुत्री कशाला राखतो?"

त्याची बायको बुधी मात्र आत गेली आणि दोरी घेऊन आली. कुत्रं झोपडीमागच्या खुंटाला बांधलं गेलं.

कोंदिवड्याला हुसेनमियाँच्या दुकानाच्या ओटीवर मी पथारी टाकली. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी तिथे मिळते. मी शाकाहारी, म्हणून माझ्यासाठी ते वेगळ्या तव्यावर भाकरी टाकवून घेत. मला या आदराचाही संशय यायचा. कुत्रं चावलेल्याचं ताट वेगळं ठेवत असतील का?

रोज सकाळी मी वाडीत जायचो. कुत्रं भाकरी खातं का, पाणी पितं का, लाळ गळते का, हे पाहायचो. मग परत येऊन स्वतः पाणी प्यायचो आणि घसा आवळतोय का ते पाहायचो. वाटेत दुसरी कुत्री दिसली की थांबायचो. सगळी पिवळी होती.

पाचव्या दिवशी हुसेनमियाँ म्हणाले, "मास्तर, वाडीत तसली चार कुत्री हायत. तुमी वळखता कशावरून?"

"बांधलेलं आहे की."

"मग झालं," ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळून हसले.

सातव्या दिवशी मी कुत्र्याजवळ बसलो. त्याने शेपूट हलवली. मी दोरी बाजूला सारून मान पाहिली. आठवडाभर बांधलेल्या कुत्र्याच्या मानेवर दोरीचा वण नव्हता. केस जरासुद्धा चेपले नव्हते.

"हे ते कुत्रं नाही," मी म्हणालो.

"तेच हाय," हिरू म्हणाला.

"सांग रं त्याला," बुधी म्हणाली. हिरू कामट्यांकडे वळला, तेव्हा तीच बोलली. "बिबळ्यानं नेलं परवा. बांदलेलं व्हतं. पळता आलं नाय."

"मग मला का सांगितलं नाही?"

"तूच बोललास ना, कुत्रं जगलं तर तू जगनार. ते तर गेलं. म्हनून लगेच दुसरं बांदलं." माझं अज्ञान पाहून ती जरा वैतागली होती. "जागा रिकामी नाय ठेवली."

तिला समजावण्याइतका वेळ नव्हता. दोन दिवस वाया गेले होते. मी दुपारची गाडी पकडली.

मुंबईत चौदा सुया झाल्या. पहिलं कुत्रं पिसाळलेलं होतं की नव्हतं, हे कधीच कळणार नाही. माझ्या सांगण्यावरून ते बांधलं गेलं होतं आणि म्हणून मेलं. त्या माणसांनी मला फसवलं, हेही खरं. पुण्यात परतल्यावर ही गोष्ट मी हसत सांगू लागलो. ऐकणारे हसत.

पुढल्या हिवाळ्यात माझा एक सहशिक्षक ती लेणी पाहून आला. वाडीतल्या एका म्हातारीने त्याला विचारलं, मास्तर बरा हाय ना? तिच्या झोपडीत चुलीपाशी एक पिवळं कुत्रं होतं. दिवस मावळायच्या आत ती त्याला घरात घेते आणि दाराला आडणा लावते. वाडीतले लोक तिची थट्टा करतात.

तो माझी गंमत करतोय असं मला वाटलं. मी खोदून खोदून विचारलं. खरंच होतं.

कुत्रं साधारण किती वर्षांचं असेल, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी तो विचारला नाही.