पेल्हर्झिमोफ म्हणजे प्राग नव्हे

प्राग मी पाहिलेलं नाही. हे एकदा स्पष्ट सांगून टाकतो, कारण गेलं वर्षभर मला भेटणारा प्रत्येक मराठी माणूस, मग तो हॅरोच्या दुकानात मेथीची जुडी उलटसुलट करून बघत असो की वॉटफर्डच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत माझ्या मागे उभा असो, एकच विचारतो, "काय, व्याह्यांकडे प्रागला जाऊन आलात म्हणे?" प्रागचा विमानतळ आम्ही पाहिला. तिथलं पार्किंग जरा जास्तच पाहिलं, कारण गाडी कुठल्या मजल्यावर लावली ते व्याही विसरले होते. मग मोटरवे लागला आणि प्राग पाठीमागे राहिलं. आमचा आणि प्रागचा संबंध एवढाच.

मी हॅरोजवळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. दिवसभर लोकांच्या आतलं बघत बसल्यामुळे मला बाहेरचं काही दिसत नाही, असं बायको म्हणते. मुलीचं जमलंय हेसुद्धा मला सगळ्यांच्या शेवटी कळलं. मुलगा झेक, वॉटफर्डच्या एका शाळेत गणित शिकवतो. वरण आणि आमटी यांतला फरक त्याला कळतो, जो आमच्या मुलीला अजून कळलेला नाही. माझी काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती साखरपुड्याला.

साखरपुडा आमच्या घरीच केला. मुलाचे आईवडील आले होते. व्याही ड्रायव्हिंग शिकवतात, विहीणबाई वाचनालयात काम करतात. कॉव्हेंट्रीहून माझे मेहुणे आले होते, बायकोचे थोरले भाऊ. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. दादांनी उभा जन्म ऑपरेशन थिएटरात लोकांना भूल दिली आणि रिटायर झाल्यापासून तेच काम ते माइक घेऊन करतात. त्या दिवशी माइक नव्हता म्हणून त्यांनी चमच्याने ग्लास वाजवला.

"लेडीज अँड जंटलमन, प्लीज वेलकम अवर गेस्ट्स फ्रॉम प्राग."

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "नॉट प्राग," आणि त्यांनी आपल्या गावाचं नाव सांगितलं. दादांनी कानामागे हात नेला. त्यांनी पुन्हा सांगितलं. दादा हसले. "सेम थिंग, सेम थिंग."

विहीणबाईंनी हातातली बशी टेबलावर ठेवली. तिच्यात निम्मा चिवडा तसाच होता आणि नंतर त्यांनी तिला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी जावयाने मला समजावून सांगितलं. त्यांच्याकडे प्रागवाले म्हणजे शनिवार-रविवारी मोठ्या गाड्या घेऊन येणारे, जंगलातली अळंबी पहिल्यांदा तोडून नेणारे आणि वर गावातल्या कॉफीला नाक मुरडणारे लोक. मला एका क्षणात कळलं. कोल्हापूरच्या माणसाला कोणी "तुम्ही पुण्याचे ना?" म्हणावं आणि वर "सेम थिंग" म्हणावं, तसं ते होतं. त्या घरातून तो माणूस जेवून बाहेर पडणार नाही. विहीणबाई निदान बशी खाली ठेवून बसून राहिल्या.

मेमध्ये आम्ही त्यांच्याकडे आठवडाभर राहायला गेलो. पेल्हर्झिमोफ हे त्यांचं शहर आणि त्यांच्या जिल्ह्याचंही नाव तेच. शहर म्हणजे आपल्या मनातलं तालुक्याचं गाव. मधोमध दगडी चौक, भोवती गुलाबी, पिवळ्या, पिस्ता रंगाची घरं, त्यांच्या खालून कमानींचा गारेगार व्हरांडा. पाऊस आला तरी चौकाला अर्धी फेरी कोरड्या डोक्याने मारता येते. दोन बाजूंना दोन जुन्या वेशी, मनोऱ्यासारख्या उंच. लंडनमध्ये इतकी वर्षं काढली, पण "वेशीपाशी भेटू" हे वाक्य मला खऱ्या अर्थाने पहिल्यांदा तिथे वापरता आलं. एका वेशीत जगातल्या विचित्र विक्रमांचं संग्रहालय आहे. बायको म्हणाली, "दादाचं नाव द्यायला हवं इथे. थँक्यू म्हणायला उठलेला माणूस सगळ्यात जास्त वेळ बोलला."

व्याही आम्हाला रोज गाडीतून जिल्हा दाखवायला नेत. शिकवण्याची सवय असल्यामुळे वळण यायच्या आधी ते स्वतःलाच मोठ्याने सूचना देत. जमीन उंचसखल, पण कुठे अंगावर येणारी नाही. मोहरीसारख्या पिवळ्या फुलांची शेतं, मध्येच एखादं काळंशार तळं, वळणावर कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी उभा केलेला क्रूस आणि त्याला सावली द्यायला लावलेली दोन झाडं.

इथे मला माझं पहिलं शहाणपण सुचलं. झेक भाषेत काही शब्दांत स्वरच नसतात. मुलीच्या इंग्रज मैत्रिणी त्यावर हसतात. पण मी ते ऐकलं आणि मला आपला ऋ ऐकू आला. मानेला ते कृक म्हणतात. मग व्याही समोर बोट करून "वृख" म्हणाले, तेव्हा मी गाडी थांबवायला लावली. दोन भाषांचं हजारो वर्षांचं नातं मला काचेतून दिसत होतं. मी जवळच्या झाडाकडे हात करून म्हणालो, "येस! वृक्ष!" व्याह्यांनी मान हलवली आणि माझा हात धरून झाडावरून उचलून मागच्या टेकडीवर नेला. वृख म्हणजे टेकडी. झाडाला ते स्त्रोम म्हणतात. बायको मागच्या सीटवर सफरचंद खात होती, ती म्हणाली, "तुमचं चालू द्या."

त्या टेकडीवर एके काळी नुसते स्मृक होते. स्मृक म्हणजे ख्रिसमसला घरात आणतात तसलं झाड, फक्त तीन मजली उंच. झाडाच्या सालीत राहणारा एक किडा आला आणि काही वर्षांत डोंगरच्या डोंगर वाळून गेले. आता तिथे बुंधेच बुंधे, आणि मधून नव्या रोपांना घातलेली पांढरी वेष्टनं. व्याह्यांनी या एका ठिकाणी गाडी अगदी हळू चालवली.

त्यांचा एक किल्ला आहे, त्याचं नावच दगड. झेकमध्ये कामेन. एका खडकावर बसवलेला. मी पाण्याच्या दोन बाटल्या, गूळ-शेंगदाणे आणि टोपी अशा तयारीने गेलो. पाच मिनिटांत वर. आत तलवारी असतील म्हणून मी जरा छाती काढली, तर आत जुन्या मोटारसायकली मांडून ठेवलेल्या. त्यांतली एक थेट माझ्या मामाकडे होती तशी, किक आणि गिअर एकाच दांड्याला असलेली. मी तिच्यासमोर इतका वेळ उभा राहिलो की व्याह्यांना वाटलं मला किल्ला फार आवडला.

आणि एका डोंगरावर देऊळ आहे, म्हणजे चर्च, पण लोक वाटेतल्या छोट्या देवळ्यांशी थांबत थांबत चढतात. जवळच एक झरा. त्याचं पाणी गुणाचं समजतात. बायकोने मोठी बाटली भरून घेतली, तीर्थ म्हणून. विमानतळावर सिक्युरिटीच्या पोराने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी तिथेच भांडलो असतो, पण बायको म्हणाली, "अहो, ऋ काढून दाखवा त्याला, घाबरेल."

असा हा जिल्हा. यातलं काहीही प्रागमध्ये नाही.

निघायच्या दिवशी सकाळी विहीणबाई मला चौकात घेऊन गेल्या. जावयाची आजी, म्हणजे व्याह्यांची आई, त्यांच्या घरातच राहते. आठवडाभर ती आमच्या पुढ्यात मनुका घातलेली गोड पावरोटी ठेवत होती आणि आम्ही खातोय की नाही ते बघत होती. ती लग्नाला वॉटफर्डला येणार होती. देशाबाहेर पहिल्यांदाच.

विहीणबाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "त्या दिवशी तिला काहीच समजणार नाही. तुमचे मंत्र नाही, इंग्लिश नाही. एक शब्द समजेल. आमचं गाव. तो नीट सांगाल?"

अख्ख्या लग्नात मुलाकडच्यांनी मागितलं ते एवढंच. मी म्हटलं, "सांगेन." मुलीच्या बापाने दिलेला शब्द होता तो.

हॅरोला परत आल्यावर मी मराठी पत्रिकेचा मजकूर लिहायला घेतला. आपल्याकडे मुलाच्या नावाखाली गाव, तालुका, जिल्हा असतं. मी ऐटीत लिहिलं, मु. पो. पेल्हर्झिमोफ, जि. पेल्हर्झिमोफ.

मुलगी म्हणाली, "बाबा, कोण वाचणार हा पत्रिका?"

"ही पत्रिका."

"तेच. कोण वाचणार?"

कॉव्हेंट्रीहून दादांचा फोन आला. मी मजकूर त्यांना पाठवला होता, ती चूक माझीच. "जावईबापू, हे काय छापताय? लोकांना वाटेल प्रिंटरने झोपेत टाइप केलंय. सरळ प्राग लिहा. लोकांना कळायला पाहिजे."

"दादा, ते प्रागचे नाहीत."

"अहो पण ते कुठले आहेत ते बघायला कोण जाणार आहे?"

"मी गेलोय."

"तुम्ही गेलात हो. बाकीच्यांचं काय?"

माझं डोकं फिरलं. माणूस कुठला ते बाकीच्यांच्या सोयीने ठरवायचं? आम्ही या देशात आलो तेव्हा आमच्या आडनावांचं जे झालं, ते आम्ही निमूट ऐकून घेतलं. आता आम्हीच माइक हातात आल्यावर दुसऱ्यांची गावं छाटायची? बायकोला मी हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "मला कशाला? दादाला सांगा." दादांना सांगायची माझी हिंमत नव्हती. मी पत्रिका मात्र माझ्या मनासारखी छापली.

खरी पंचाईत पुढे होती. त्या नावातलं 'र्झ' मी लिहिलंय खरं, पण ते तसं नाही. र आणि झ एकाच वेळी, एकाच श्वासात म्हणायचे असतात. जीभ टाळूला लावून थरथरवायची आणि त्याच वेळी शीळ घातल्यासारखं करायचं. महिनाभर मी मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये हे करत होतो. एकदा समोरच्या बाईंनी उठून मला बसायला जागा दिली.

लग्न वॉटफर्डच्या एका हॉलमध्ये झालं. अंतरपाट, अक्षता, सगळं यथासांग. मग दादांनी माइक घेतला. पहिल्या रांगेत आजी बसली होती, मांडीवर पर्स, कानात नवं मशीन.

"अँड नाउ, द ग्रूम्स फॅमिली, ऑल द वे फ्रॉम ब्यूटिफुल..."

मी धावलो. छप्पन्न वर्षांच्या माणसाने सोवळ्यात धावू नये, पण मी धावलो. दादांनी माइक सोडला नाही. मीही धरला. दोघांच्या मुठीतल्या त्या माइकमध्ये मी जीभ टाळूला लावून सगळा जीव गोळा करून म्हणालो, "पेल्हर्झिमोफ!"

झेक मंडळींनी टाळ्या वाजवल्या. विहीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. आजी मात्र तशीच बसून होती. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, मी पुन्हा म्हणालो. तेव्हा ती पर्स खुर्चीवर ठेवून उभी राहिली आणि झेकमध्ये बरंच काही बोलली. आवाज चढलेला होता. विहीणबाईंचा रुमाल खाली आला आणि चेहरा लाल झाला.

मी जावयाला विचारलं, "काय म्हणतात?"

तो मुंडावळ्यांतून चाचरत म्हणाला, "बाबा, ती म्हणते ती पेल्हर्झिमोफची नाही. पेल्हर्झिमोफची ती माझी आई. आजी खेड्यातली, शहराच्या बाहेर. ती म्हणते चाळीस वर्षं सुनेला सांगतेय, आम्ही ते चौकवाले नाही. सेम थिंग नाही."

विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी जमिनीकडे. मी विचारलं, "मग गाव कुठलं?"

"ओलेश्ना."

ना ऋ, ना र्झ, ना शीळ. एखाद्या मराठी मुलीचं ठेवावं इतकं सोपं नाव. मी तोंड उघडलं, पण महिन्याच्या सवयीने जीभ आपोआप टाळूला जाऊन बसली. दादांनी माइक माझ्या हातातून शांतपणे काढून घेतला आणि त्यांच्या भूल देतानाच्या मऊ आवाजात म्हणाले, "फ्रॉम ओलेश्ना."

पहिल्या झटक्यात. अगदी स्वच्छ.

आजीने मान डोलावली. शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि दादांना तिथे बसायची खूण केली. ते बसले. जेवणातही ती दोघं शेजारी होती, दादा मराठी-इंग्रजीत बोलत होते, ती झेकमध्ये, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं.

मी पानात मठ्ठा वाढायला गेलो तेव्हा ती माझ्याकडे बघून जावयाला काहीतरी म्हणाली. तो सांगायला तयार होईना. मीच खनपटीला बसलो.

"बाबा, ती म्हणते हे शेजारचे गृहस्थ छान स्पष्ट बोलतात. तुम्हाला बोलायला लहानपणापासून त्रास आहे का, विचारते."

दादा म्हणाले, "सांग तिला, हो."