परत यायला इथं काय आहे

बाळंतपण माहेरी व्हावं की सासरी, यावर घराघरात वाद होतात. आमच्याकडे वादाला जागाच नव्हती. सुनेचं माहेर मेडशीचं, तिची आई लग्नाआधीच वारलेली. म्हणजे करायचं ते मीच. आणि सून होती कॅनडात.

पोरगा तिकडे नोकरीला गेला तेव्हापासून भाड्याच्या घरात राहायचा. सूनबाईला दिवस गेले आणि त्याच्या डोक्यात स्वतःच्या घराचं खूळ शिरलं. रोज यांना फोन, रोज तेच. "बाबा, घर घेतलं का आपलं सगळ्याइचं एका जागी होते. तुमी दोघंबी या. इथं लाइन जात नाई, दवाखाना चांगला, लेकराची शाळा घराजवळ. तुमचे गुडघे दुखतात, कायले वावरात मरून राह्यले?"

मी म्हटलं, "अन् बर्फ? अन् बोलाले मानूस? तुमी दोघं कामावर गेले का मी काय भित्ताडाशी बोलू?"

"आई, तू लेकराशी बोलजो."

घ्या! यावर आजीनं काय बोलायचं? तिथंच मी हरले.

वाशीमकडच्या मालेगावच्या बाजूला नाल्याकाठी आमचं ओलिताचं वावर होतं. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे तोडायचं, जुड्या बांधायच्या आणि बाजार धरायचा. किन्हीराजाच्या बाजारात बायका माझी मेथी पाहून दुसरीकडे जात नसत, हे मी माझ्या तोंडानं सांगते, कारण आता सांगणारं दुसरं कोणी नाही. ते वावर आम्ही धुऱ्याला लागून असलेल्या शेतकऱ्याला विकलं. पोरगा एकुलता एक. आमचे हे म्हणाले, "त्याच्यासाठी नाई तं मंग कोनासाठी ठेवाचं?" मलाही ते पटलं. पैसे तिकडे गेले, घर आलं. पोरानं फोनवर फिरून फिरून दाखवलं. पुढे एवढी मोठी जागा आणि त्यात नुसतं गवत! मी म्हटलं, मी आले का पहिले तिथं मेथी टाकते. सून खूप हसली. तिला हसताना पाहून मला वाटलं, केलं ते बरंच केलं.

मग आम्ही ट्रॅव्हल्सनं पुण्याला जाऊन व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आलो. मी डिंक आणला, खारीक फोडली, अळीव निवडून ठेवले. बाळंतिणीला काय काय लागेल याचाच डोक्यात घोळ.

व्हिसा नाकारला.

वाशीमला ही कागदपत्रं करणारा एक माणूस आहे. त्यानं वाचून दाखवलं. तुम्ही परत याल याची त्यांना खात्री वाटत नाही, म्हणे. त्यानं विचारलं, "काकू, तुमच्या नावानं इथं काय हाये? घर?" घर जेठांच्या, यांच्या मोठ्या भावाच्या नावावर. भावाभावात वाटणी कधी झालीच नाही, मागणं बरं दिसत नाही म्हणून आम्ही जन्मभर गप्प. "मंग वावर?" विकलं. "काहून विकलं?" तिकडं घर घ्यायला. तो डोक्याला हात लावून बसला. "पोरगा तिकडं, घर तिकडं, इथं काईच नाई. मंग साहेब लोकाईनं काय समजाव? थोडंसं तरी वावर नावावर दाखवा अन् फिरून अर्ज करा. पन लवकर करा."

माझं डोकंच फिरलं. बसमध्ये यांच्यावर ओरडले, फोनवर पोरावर ओरडले. एवढं शिकला, मोठाल्या गोष्टी सांगतो, अन् एवढं त्याला कळू नये? तो बिचारा रडायला लागला. मग मीच त्याला समजावत बसले. सुनेचा नववा महिना लागला होता.

दुसऱ्या दिवशी यांना न सांगता मी वावरात गेले. ज्याला विकलं तो वांग्यांना पाणी देऊन राहिला होता. चांगला माणूस. त्याच्या लग्नात मी त्याला हळद लावली आहे. विकत घ्यायला आमच्याकडे पैसा नव्हता, सगळा त्या घरात गेलेला. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "बापा, एक तुकडा नावापुरता माह्या नावानं करून दे. खडकाळ दे, नाल्याकडचा दे, कोनता बी दे. काम झालं का तुह्या नावानं करून देईन." आणि मी त्याच्यापुढं हात जोडले.

त्यानं माझे हात धरले. "काकू, हात नका जोडू. देतो मी. पन एक सांगा, तिकून वापस येसान ना? तुमी तिकडंच राह्यल्या तं मी सही घ्याले कुठीसा येऊ?"

हो म्हणायचं होतं. एवढंच. जन्मभर बाजारात बसले, कालची मेथी आजची म्हणून विकली आहे मी. पण तोंडातून निघालं, "वापस कायले येऊ रे बापा? माहं इथं राह्यलंच काय?"

त्यानं माझे हात सोडले. "मंग कसं करू काकू, तुमीच सांगा," म्हणाला. तो चुकीचा नव्हता. तिकडचे साहेबही चुकीचे नव्हते. सगळे बरोबर आणि मी एकटी वाऱ्यावर. सडकेनं मी मोठ्यानं रडत आले. लोक बघत होते. बघू दे.

नात झाली. पाचवीला मी इथंच पाट मांडून पूजा केली. लेकरू नाही, बाळंतीण नाही, नुसता पाट. तेवढ्यात पोराचा फोन आला. तो कामावर निघाला होता. घराचे हप्ते आहेत, रजा कुठून घेणार? त्यानं नात दाखवली. इवलीशी, मुठी आवळून झोपलेली. मी डोळे भरून बघत होते आणि तिच्या मागं मला सून दिसली. पाचव्या दिवशी ओट्यापाशी उभी, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातानं पोळ्या लाटत.

मी इकडून ओरडले, "अव बस ना व माय, बस खाली! कोनं सांगतलं तुले उभं राहाले?"

ती वळली. तोंड पार सुकून गेलं होतं. म्हणाली, "आई, मंग करन कोन?"