निवडुंग लावणाऱ्या साळवे मॅडम

डॉ. इंदुमती साळवे मॅडमची आणि माझी ओळख माझ्या जिभेमुळे झाली. मी मंठ्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि मॅडम आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवीत. एकदा त्या वर्गाला माळावर घेऊन गेल्या. तिथे मी नको तो शहाणपणा करून निवडुंगाचं लालभडक बोंड तोडलं आणि सरळ दातांनी फोडलं. बारीक कुसळं जिभेत, ओठात, टाळ्याला रुतली. मॅडमनी मला दगडावर बसवलं, पर्समधला चिमटा काढला आणि एकेक कुसळ उपटत अख्ख्या वर्गाला बोंडाची रचना समजावून सांगितली. शेवटी म्हणाल्या, "सकाळी लघवी लाल झाली तर दवाखान्यात पळू नको. बोंडाचा रंग आहे तो." वर्ग हसला. मला मात्र मॅडम आवडल्या, आणि पुढे त्यांच्याच विभागात शिक्षक म्हणून लागेपर्यंत मी त्यांची पाठ सोडली नाही.

निवडुंगाचे जुने उपयोग गोळा करायला मॅडम गावोगावच्या ओसऱ्यांवर तासन्‌तास बसत. सुजलेल्या गुडघ्यावर काटे काढून गरम केलेला फडा, म्हणजे त्याचं पानासारखं दिसणारं जाड चपटं खोड, बांधतात. बोंडाचा रस खोकल्याला देतात. गाळ बसावा म्हणून गढूळ पाण्यात फड्याचा चिकट गर घुसळतात. मॅडम कुणाला हसल्या नाहीत, पण नुसती मानही डोलावली नाही. "गुडघा फड्यानं उतरला, की चार दिवस घरात बसून राह्यलात म्हणून?" असं त्या आजीबाईंनाच विचारायच्या, आणि आजीबाईही विचारात पडायच्या. पाण्याचा प्रयोग त्यांनी प्रयोगशाळेत करून पाहिला. गाळ खरंच खाली बसला. आम्ही खूश, तर मॅडमचा हुकूम निघाला की पाणी नितळ दिसतं म्हणून कुणी प्यायचं नाही, आधी उकळायचं. आमच्या आनंदावर असं विरजण घालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

निवृत्तीनंतर माणसं यात्रेला जातात. मॅडमनी एका संशोधन केंद्रातून बिनकाट्याच्या निवडुंगाचे फडे आणले आणि मंठ्याजवळच्या एका गावात, बापूरावांच्या पडीक तुकड्यावर लावले. उन्हाळ्यात गुरांना हिरवा चारा मिळावा, एवढाच हेतू. बापूरावांच्या आई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यानं उभा जन्म ह्ये उपटण्यात घातला, अन् ही बाई पुन्हा लावून राह्यली." गावातल्या आणखी काही जणांनी बापूरावांकडे बघून बांधावर थोडे थोडे फडे लावले. मॅडमची सगळी मेहनत आता ह्या लोकांच्या विश्वासावर उभी होती.

पाऊस न झालेल्या एका वर्षी उन्हाळ्यात बापूरावांच्या गाईला हगवण लागली. गाय उठेना. कडबा संपला होता, म्हणून त्यांच्या पत्नी रुख्माबाईंनी तिला आठवडाभर नुसता निवडुंगच घातला होता. मॅडमच्या झाडानं गाय मारली, अशी बोंब गावभर झाली आणि लोक कुदळी घेऊन बांधावर जायला निघाले. मॅडम गुरांच्या डॉक्टरांना घेऊन पोचल्या, मीही सोबत होतो. डॉक्टरांनी गाय वाचेल असं सांगितलं, तरी मॅडम तिथून हलल्या नाहीत. गोठ्यात बसून स्वतःच्या हातानं गाईला पाणी पाजत राहिल्या.

निवडुंग ठेवायचा की उपटायचा, हे ठरवायला दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर सगळे कुदळी घेऊनच जमले. रुख्माबाई खाली मान घालून कडेला उभ्या होत्या. मला राहवेना. मी म्हणालो, "कडब्यात मिसळून घाला, असं मॅडमनी बजावलं होतं." तशा मॅडम माझ्यावर कडाडल्या, "गप बस. कडबा संपल्यावरच निवडुंगाची गरज पडणार, एवढं मला कळायला पाहिजे होतं. कडबा नसला तर काय मिसळायचं, ते मी सांगितलं का? न्हाई सांगितलं. चूक माझी हाय, रुख्माबाईची न्हाई. उपटायचं तर बिलकुल उपटा."

मग रुख्माबाईच पुढे आल्या. म्हणाल्या, "मंग काय मिसळायचं ते शोधा, मॅडम. तवर आमचं ऱ्हाऊ द्या." कुदळी परत गेल्या. मॅडमनी पुढची काही वर्षं तुरीचं भुसकट, सोयाबीनचं भुसकट, वाळला पाला असं एकेक मिसळून पाहण्यात घालवली. आणि त्यांच्या शोधनिबंधात ती आजारी गाय सगळ्यात आधी येते. ती गाळावी असा सल्ला त्यांना पुष्कळांनी दिला होता, त्यात मीही होतो. मॅडमनी ऐकलं नाही, हे फार बरं झालं.

गेल्या वर्षी रुख्माबाईंच्या लेकीचं लग्न झालं. मॅडमना घरच्या माणसाचा मान होता. पाठवणीच्या वेळी लेकीसोबत आंदण म्हणून गाय दिली आणि टेम्पोत फड्यांची पोती चढवली. विहीणबाई दचकल्या. म्हणाल्या, "लग्नात निवडुंग देत्यात का कुणी?" रुख्माबाई शांतपणे म्हणाल्या, "हात फिरवून बघा, काटा न्हाई. पण नुसता घालू नका, भुसकट बराबर मिसळा. आमची गाय मरता मरता वाचल्ती." लेकीच्या सासरी आपली फजिती कुणी सांगत नाही. रुख्माबाईंनी ती भर मांडवात सांगितली. मी मॅडमकडे पाहिलं. त्या मंडपाच्या खांबाकडे तोंड करून उभ्या होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या.

मॅडम, आज आम्ही तुमची पंच्याहत्तरी साजरी करतो आहोत, पण आता आराम करा, असं म्हणायची आमची हिंमत नाही. लेकीच्या सासरचा निवडुंग यंदा चांगला फुटला आहे. तिथल्या गाईला तो कसा मानवतो, हे मॅडमनीच येऊन बघायचं, असा रुख्माबाईंचा निरोप आहे. तेव्हा तुमचे गुडघे बळकट राहोत, नजर अशीच तिखट राहो आणि आम्हाला गप बसवायला तुम्ही पुष्कळ वर्षं आमच्यात असा.