अनुदानाची तीन मिनिटं

टेलिफोनच्या नोकरीत जव्हार-मोखाड्याला दहा-बारा वर्षं काढली की गाठीला दुसरं काही नसलं तरी किस्से भरपूर असतात. आम्ही जुने लोक भेटलो की एकातून दुसरा निघतोच!

इकडच्या डोंगरात फोन नेणं कुणालाच परवडायचं नाही. म्हणून सरकार अनुदान द्यायचं. आधी गावच्या फोनला, पुढे इंटरनेटच्या केबललाही. तपासणीला मुंबईहून देसाईसाहेब यायचे. फोन बंद दिसला की अनुदान गेलं, आणि गाव यादीतून बाहेर! त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

*

दाभोशाला साहेबांनी रिसीव्हर उचलला. फोन ठार मुका! साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. आमचा लाइनमन धर्मा छपरावर चढला आणि वरूनच ओरडला, "साहेब, फोनच्या सोलर पॅनलवर मोहाची फुलं वाळत घातल्यात!"

फोन ज्या घरात होता, तिथली म्हातारी शांतपणे म्हणाली, "ऊन तिथंच चांगलं लागतं ना!"

साहेबांनी टोपण परत लावलं. "उद्या येतो. फुलं तेवढी अंगणात वाळवा."

*

जामसरकडे केबलसाठी चर खणायला गेलो, तर सात-आठ माणसं वाट अडवून उभी. दोघांच्या हातात कोयते.

"आज तार पुराल, उद्या 'जमीन आमचीच' म्हणाल!"

धर्मा त्यांच्याच बोलीत समजावून थकला. शेवटी मी वहीचं पान फाडून लिहिलं, 'तार सरकारची, जमीन तुमची', आणि खाली सही ठोकली. काम सुरू झालं.

साहेबांना कळलंच. "कुणाच्या अधिकारात सही केलीत?"

घाबरून तोंडातून निघून गेलं, "कोयत्याच्या!"

*

आणि मोखाड्याकडच्या एका पाड्याचा फोन. नियम असा, की एक्स्चेंजमधून फोन लावायचा आणि सलग तीन मिनिटं बोलणं झालं पाहिजे. साहेबांनी स्वतः नंबर फिरवला. पलीकडे शाळेच्या बाई किंचाळल्या, "फोन ठेवा! इथं एक बाई बाळंतपणात अडलीय, दवाखान्याला लावायचाय! तुम्ही ठेवल्याशिवाय लाइन सुटत नाही!"

साहेबांनी रिसीव्हर आदळलाच.

मग साहेब, धर्मा आणि मी त्या फोनकडे बघत बसलो. परत लावायची कुणाची हिंमत नव्हती. साहेबांनी चहाला हात लावला नाही. शेवटची एसटी निघून गेली, तरी उठले नाहीत.

संध्याकाळी घंटी वाजली. बाई दवाखान्यातून बोलत होत्या, "जीप वेळेवर आली. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

साहेबांनी फॉर्म पुढे ओढला. 'संभाषणाचा कालावधी' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'नऊ सेकंद. पुरेसे.'