झेंडूला द्राक्षाचं औषध

"रस्टिक म्हणजे काय गं?" मी लेकीला विचारलं. तिचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. ती पुण्याहून सुट्टीला आली होती आणि ओट्याला टेकून मला मोबाइलवर लग्नांचे फोटो दाखवत होती. परदेशातलं कुठलंसं शेत, जुनी लाकडी पिंपं, गवताच्या पेंढ्यांवर बसलेली सुटाबुटातली माणसं आणि बाटल्यांमध्ये नुसती खोचून ठेवलेली, रानात उगवल्यासारखी फुलं.

"म्हणजे गावाकडचं, आई. साधं. हाताने केलेलं."

"मग आपण राहतो कुठे?"

ती इतकी हसली की फोन पिठाच्या परातीत पडला. पण मला खरंच कळत नव्हतं. आमचं गाव नाशिकहून दिंडोरीकडे जाताना लागतं, चहूकडे द्राक्षबागा. इथला माणूस लग्नासाठी गाव सोडून हायवेवरच्या लॉन्सवर जातो. तिथे प्लास्टिकचे गुलाब असतात, धूर सोडणारं मशीन असतं आणि नवरा-नवरीला घेऊन गोल फिरणारं स्टेज असतं. गेल्या वर्षी एका लग्नात ते स्टेज मध्येच बंद पडलं आणि नवरी अर्धा तास आमच्याकडे पाठ करून बसली. आणि आमची ही, शहरात नोकरी करणारी, म्हणत होती की मला आपल्या दारात लग्न करायचंय. आंबा आणि बाग यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, आपल्या हातच्या मांडवात, आपल्या मातीतल्या फुलांमध्ये. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वरवर मात्र मी म्हटलं, "बघू."

बघायचं होतं ते तिच्या पप्पांकडे. आमचे हे द्राक्षवाले. वेलींशी जितकं बोलतात तितकं माणसांशी बोलत नाहीत. आणि एवढ्या राकट माणसाला एकाच गोष्टीचं भय, लोक हसतील याचं. लेकीने जेवताना विषय काढला तर हे भाकरीचा तुकडा ताटात फिरवत राहिले आणि मग म्हणाले, "एकुलत्या एक पोरीचं लग्न आन् दारात? लोकं काय म्हणतील?" एवढं बोलून उठले. दुसऱ्या दिवशी कळलं की लॉन्सचा मालक, जो ह्यांचा जुना दोस्त, त्याला तारीख धरून ठेवायला सांगून आले होते. दिवाळी झाली की नक्की सांगतो म्हणाले होते.

लेक जाताना एसटी स्टँडवर मला म्हणाली, "पप्पा भांडले असते तर मी पण भांडले असते. पण ते माझ्यासाठी नाइलाजाने हो म्हणतील आणि लग्नात मान खाली घालून उभे राहतील. तसं लग्न मला नकोय, आई. त्यांना मनातून आवडलं पाहिजे. दिवाळीपर्यंत वाट बघू. नाही तर मीच लॉन्सला हो म्हणते." गाडी सुटली. मी परत येताना रिक्षावाल्यावर विनाकारण चिडले.

व्याह्यांकडून काहीच आडकाठी नव्हती. ते सिन्नरचे, मोकळी माणसं. त्यांनी फोनवर सांगितलं, "आम्ही कुठंबी येऊ, जेवण तेवढं गरम ठेवा." म्हणजे सगळं घोडं अडलं होतं ते आमच्याच अंगणात.

मी म्हटलं, हो म्हणेपर्यंत हात बांधून कोण बसतंय? गणपती उठल्यावर गोठ्यामागचा तुकडा खणून घेतला आणि फुलं लावली. झेंडू, शेवंती, अॅस्टर, झिनिया, कॉसमॉस. माझं माहेर पंचवटीत, फुलबाजाराच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे फुलं मला कळतात असा माझा लहानपणापासूनचा समज. पण मला कळत होती ती टोपलीतली, देठ तोडलेली, वजनकाट्यावर टाकलेली फुलं. ती जमिनीतून वर येताना कशी वागतात याचा मला पत्ता नव्हता. रोज सकाळी मी तिथे उकिडवी बसायची आणि रोपांना दम द्यायची.

मदतीला नणंद होती, ह्यांची धाकटी बहीण, गावातच दिलेली. ती गावातल्या सगळ्या लग्नांची रुखवतं करते. तिच्या हाताला कला आहे, पण ती कला थर्माकोलमध्ये अडकलेली. "माझी भाची, आन् रुखवतात थर्माकोलचा बंगला नाय?" असं म्हणून ती रुसली. लेकीने तिला व्हिडिओ कॉलवर समजावलं की आत्या, थर्माकोल नको, तुझ्या हातची गोधडी हवी, तिचाच अंतरपाट करू. गोधडीचा अंतरपाट कुणी कधी ऐकला नव्हता. नणंद उठली आणि घरातल्या सगळ्या बायकांच्या जुन्या साड्या गोळा करत सुटली. माझी लग्नातली मोरपंखी साडी तिने न मागताच मी तिच्या हातात दिली आणि तिने ती माझ्यादेखत टरकावली.

खुर्च्यांना गोणपाटाचे बो बांधायचे ठरले तेव्हा मात्र आम्हा दोघींचं वाजलं. "लग्नात कांद्याच्या गोण्या? वहिनी, तुम्हाला तरी कळायला पाहिजे." मलाही ते पटत नव्हतं, पण मी लेकीच्या बाजूने होते, म्हणून हिरिरीने भांडले. शेवटी बो झाले, पण त्यांना नणंदेने लाल दोऱ्याने कशिदा काढला आणि ते इतके देखणे दिसायला लागले की आम्ही दोघीही भांडण विसरलो.

हे सगळं चालू असताना आमचे हे पेपर वाचत. ऑक्टोबरची छाटणी झाली होती, बागेत काड्यांचे ढीग पडले होते. मी त्यातल्या लांब काड्या निवडून कमान वळायला घेतली तर म्हणाले, "जाळायच्या काड्या मांडवाला लावनार?" आणि पुन्हा पेपरात. मला वाटलं, ह्यांच्या डोक्यात घालावी एक काडी.

दिवाळी आली. लेक आली, फराळ झाला, पण बोलणं काही पुढे सरकलं नाही. मी तळणात इतकी गुंतले की फुलांकडे फिरकलेही नाही. भाऊबीजेला मी पंचवटीत गेले तेव्हा लेक बरोबर होती. परतताना रिक्षात तिने शांतपणे सांगितलं, "आई, मी पप्पांना सांगणार आहे, लॉन्सचं नक्की करा. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतच नाही गं." तिने हे रडून सांगितलं असतं तर मी समजूत घातली असती. तिने हसून सांगितलं आणि मला भरून आलं.

घरी आल्यावर मी तडक गोठ्यामागे गेले. म्हटलं, निदान एक ओंजळभर फुलं खुडून तिच्या हातात देऊ. तर समोर भलतंच. माझी गुटगुटीत रोपं ताडमाड उंच झाली होती. देठ पिवळट, बारीक, लांबच लांब, आणि झेंडू, जो बिचारा जमिनीला धरून राहतो, तोही मान टाकून एकमेकांच्या अंगावर कलंडलेला. कळ्या कुठेतरी टोकाला, वाटाण्याएवढ्या.

मी जो आवाज लावला तो शेजारच्या मळ्यात ऐकू गेला असणार. आधी नणंदेला धरलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्याकडं काय बघता वहिनी? तुमच्या घरधन्याला विचारा." मग वाटलं, बागेतलं फवारणीचं औषध वाऱ्याने उडून आलं असेल. मी ओट्यावर बसलेल्या ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "अहो, तुमच्या बागेपायी माझी फुलं गेली. जरा लक्ष द्याल की नाही?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला. घडी घातली. पुन्हा उलगडला.

"मीच मारलं," म्हणाले.

"काय मारलं?"

"जीए."

जीए म्हणजे द्राक्षाचा घड लांबावा म्हणून आमच्याकडे फवारतात ते औषध. द्राक्षवाल्या माणसाचा जगात त्याच्यावर जेवढा विश्वास असतो तेवढा देवावरही नसावा.

"झेंडूला?" माझा आवाज फाटला.

"घडाला लांबी येते. म्हटलं, फुलाला बी येईल." हे माझ्याकडे बघत नव्हते, लेकीकडे बघत होते. "रोज सकाळी पाणी द्यायला जायचो ना, तर लय बारीक दिसत व्हती. म्हटलं, एवढुशी फुलं बघून लोकं आपल्या पोरीला हसतील."

रोज सकाळी पाणी द्यायला! मी आपली समजत होते की माती ओली राहते ती माझ्या दम देण्यामुळे. मी उठायच्या आत हा माणूस तिथे जाऊन येत होता आणि वर पेपर तोंडापुढे धरून बसत होता. माझा राग कुठल्या कुठे गेला. जायला नको होता, कारण फुलांची वाट लागली होतीच, पण गेला.

लेक आधी हसली, मग तिने पप्पांच्या गळ्यात हात टाकले आणि रडली, मग दोन्ही एकदम. "म्हणजे तुम्हाला दारात करायचं होतं लग्न?"

"मला कुठं नको व्हतं? मला भ्या वाटत व्हतं." हे म्हणाले. आणि मग, जरा घसा खाकरून, "पर फुलांचं आता मी बघतो. तुझ्या आईला त्यातलं काय कळत नाय."

लॉन्सच्या मालकाला ह्यांनी स्वतः फोन केला. त्यानंतर आमच्या घरात हुकूमशाही सुरू झाली. बांबू आले, तार आली, सुतळी आली. वेल तारेला बांधतात तसं एकेक फुलझाड ह्यांनी बांधून उभं केलं. खत काय, पाणी किती, सगळं ह्यांच्या हातात. जन्मात कधी व्हिडिओ कॉल न करणारा माणूस रोज संध्याकाळी पुण्याला फोन लावून प्रत्येक कळीसमोर मोबाइल धरायचा. "ही बघ, ही काल मिटलेली व्हती." एकदा मी बघते तर हे कात्री घेऊन शेवंतीच्या कळ्या छाटत होते. घडातले मणी विरळ करतात तशा. राहिलेल्या कळ्या मोठ्या होतील म्हणे. मी कात्री काढून घेतली आणि लपवून ठेवली. ती मलाच पुढे सापडली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवडहाळे निघाले. आंबा, जांभूळ, उंबर यांच्या हिरव्या फांद्या गाडीत घालून वाजतगाजत गावातून मांडवापर्यंत आणायच्या, ही आमच्याकडची जुनी रीत. लॉन्समुळे ती नावापुरती उरली होती, फांद्या टेम्पोत पडून यायच्या. ह्यांनी हट्टाने बैलगाडी मागवली, आणि गावातले म्हातारे पाराजवळ काठ्या टेकून उभे राहिले. मांडव चढला तसा हिरव्या पाल्याचा वास घरभर पसरला. काड्यांची कमान दारात उभी राहिली. तिच्यावर हात फिरवून हे मला म्हणाले, "बरी वळली." माझ्या उभ्या संसारातलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक.

आणि फुलं? फुलं फुलली. मोठी नाही झाली, पण फुलली. ती लांब वाकडी देठं बाटल्यांत, तांब्यांत, बुरडाकडच्या टोपल्यांत घातली की आपोआप काठावरून खाली झुकायची, लवून बघायची, जशी त्या फोटोत होती अगदी तशी. बाजारात अशा देठाचा झेंडू शोधून मिळाला नसता. हारांना मात्र आमची फुलं पुरली नाहीत. माझ्या भावाने सकाळी पंचवटीतून हार आणले आणि लेकीने एका शब्दाने कुरकुर केली नाही.

गोधडीचा अंतरपाट सगळ्यांनी डोळे भरून पाहिला. फक्त तो इतका जड झाला होता की धरणाऱ्या दोघांचे हात खाली यायला लागले. नवरदेवाचं डोकं वरून दिसायला लागलं तशी नणंद ओरडली, "वर धरा, वर!" गुरुजींनी काय ते ओळखलं आणि उरलेली मंगलाष्टकं भराभर आवरली. अक्षता पडल्या तेव्हा सगळा मांडव हसत होता.

पंगती उठत आल्या होत्या. आमच्या नात्यातले एक मोठे बागायतदार, ज्यांच्या बोलण्याला चार गावांत वजन, ते मांडवभर फिरून ह्यांच्याजवळ आले. ज्यांच्या हसण्याला हे घाबरत होते ती लोकं म्हणजे हीच.

"डेकोरेशन कोनाचं?" त्यांनी विचारलं. "नंबर द्या त्याचा. वैशाखात आमच्या पोरीचं हाय."

मला वाटलं, हे लाजून काहीतरी पुटपुटतील. ह्यांनी फेटा सरळ केला.

"नंबर हाय. पर तो आता काम घेत नाय."

"का बरं?"

"त्याला एकच पोरगी व्हती. तिचं झालं."

पाहुणे मोठ्याने हसले. हेही हसले. हसता हसता ह्यांचा चेहरा बदलला. लेक निघायच्या आधी पाया पडायला मागे येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने हाक मारली, "पप्पा," आणि हे वळले आणि भर मांडवात, सगळ्या लोकांसमोर, मोठ्याने रडले. गावाने बघितलं, पाहुण्यांनी बघितलं. ह्यांनी डोळे पुसले नाहीत, आणि मीही पुसा म्हटलं नाही.