गावाला निघालेले भाई

"गावाला चला, सिस्टर लोक, गावाला," असं म्हणत भाई व्हॅनच्या पत्र्यावर थाप मारायचे, की आमच्या हॉस्टेलच्या जिन्यात चपलांची पळापळ सुरू व्हायची.

सौदीतल्या खमीस मुशैतच्या एका हॉस्पिटलात मी नर्स होते तेव्हाची गोष्ट. भाई आमच्या स्टाफ व्हॅनचे ड्रायव्हर. श्रीवर्धनच्या बाजूचे कोकणी मुसलमान. केरळच्या, फिलिपिन्सच्या मुलींशी त्यांची मोडकी हिंदी-इंग्रजी चालायची, माझ्याशी मराठी. मला एकटीला 'ताई', बाकी सगळ्या 'सिस्टर लोक'.

आता हे गाव म्हणजे त्यांचं स्वतःचं नव्हे हं. खमीसच्या वर डोंगरात दगडी घरांचं एक लहानसं गाव होतं. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, धुकं, आणि शेजारी असून नसल्यासारखी शांतता. सुट्टीच्या शुक्रवारी भाई आम्हाला तिथं नेत. वळणावर एखाद्या पोरीला मळमळायला लागलं, की तिच्या हातात लिंबू देऊन म्हणत, "पुढं बघा, सिस्टर, खाली नको. नायतर सीट तुम्हीच धुवायची."

तिथं डोक्यावर रानफुलांचं कडं घातलेला एक म्हातारा त्यांचा दोस्त होता. आम्ही मुली लांब बसून डबे उघडायचो आणि हे दोघं कट्ट्यावर कॉफीचे इवलेसे पेले घेऊन गप्प बसायचे. एकदा मी विचारलं, "भाई, बोलता तरी काय हो तुम्ही?"

"बोलायचं काय त्यात? तो विचारतो कैफ हालक, कसा आहेस, मी सांगतो अल्हम्दुलिल्लाह. घरच्यांशी तरी माणूस याच्याहून जास्त काय बोलतो, ताई?"

हे डोंगरातल्या गावाचं वेड त्यांना लागलं ते सायप्रसला. आधी ते खलाशी होते. त्यांचं जहाज लिमासोल बंदरात दुरुस्तीला लागलं, तेव्हा एका रविवारी बस पकडून ते वर डोंगरात गेले. "दगडाची घरं, द्राक्षाचे वेल, दारात खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्या. कोण ओरडत नाय, कोण धावत नाय. एकीनं मला हातानंच खुणावलं, बस म्हणून. अंजिरं दिली. अगदी माझी आय बघा, फक्त झगा काळा." जहाज सुटलं, पण ती म्हातारी काही त्यांच्या मनातून उतरली नाही. खमीसला आल्यावर तसलं गाव त्यांनी शोधूनच काढलं.

आणि खरी आय तिकडे कोकणात, विधवा बहिणीजवळ. म्हातारी ऐकायची कमी आणि विसरायची जास्त.

मग सौदायझेशनचं वारं सुटलं. ड्रायव्हरच्या जागा इथल्याच माणसांना द्यायच्या, असं ठरलं. जो सुट्टीवर जाई, त्याचा परतीचा व्हिसा काही येईना. भाई सुट्टी पुढं ढकलत राहिले. "पुढच्या रमजानला नक्की, ताई." तो रमजान यायचा, जायचा, आणि भाई तिथंच.

एका गुरुवारी त्यांनी व्हॅनमधून घरी फोन लावला. आम्ही सगळ्या मागं बसलेल्या. म्हातारीला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, "आय, उद्या गावाला जातोय. सकाळीच निघतो."

बाहेर राहणारा कोकणी माणूस 'गावाला जातो' म्हणाला की त्याचा अर्थ काय होतो, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरात होतो, तेव्हा बहिणीचा फोन आला. आय पहाटेपासून उठली होती. घावण घातले, नारळाचं दूध काढलं, आणि एसटी थांबते तिथं जाऊन बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, माझा झिलगा येतोय. उन्हातून उठायला तयार नव्हती.

भाई आधी हसले. "बघा सिस्टर लोक, एका शब्दानं काय घोटाळा केला." मग हातातला पेला खाली ठेवला आणि धुक्याकडं तोंड करून बसले.

शनिवारी ते ऑफिसात गेले. तिथं सांगितलं, सुट्टी नाही, गेलास तर खुरूज निहाई, म्हणजे कायमचं जा. भाईंनी सही केली. पण कायमचं जाणंही लगेच होत नाही हो. इकाम्याची, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याची, मुदत संपलेली, शिक्क्यासाठी कागद या टेबलावरून त्या टेबलावर. आणि तिकडे आय रोज विचारायची, "निघालास ना? कुठं पोचलास?"

भाई सांगायचे, "निघालो आय. जिद्दाला आलोय."

तिला कालचं आठवायचं नाही, पण झिलगा निघालाय एवढं पक्कं लक्षात राहिलं होतं. म्हणून भाई तिला पुढंपुढं नेत गेले. मुंबईला उतरलो. पनवेलला गाडी मिळत नाय. माणगावात चहा पितोय. इकडे व्हॅन आमच्या हॉस्टेलखाली उभी, आणि भाई स्टिअरिंगवर कोपर टेकून सांगतायत, "म्हसळ्यात आलोय, आय. आता काय, जवळच."

त्या रात्रीच म्हातारी गेली. दफन दुसऱ्या दिवशी झालं. भाईंचे कागद कुठल्यातरी टेबलावर होते.

आम्ही भेटायला गेलो तर उलट आम्हालाच त्यांनी चहा करून दिला. बहिणीनं सांगितलेलं मला सांगितलं. जेवायच्या वेळी आय म्हणाली होती, त्याचं ताट वाढू नका, गरम वाढीन, म्हसळ्यापर्यंत आलाय. "ताई," भाई म्हणाले, "मी अजून थोडं लांबच थांबायला हवं होतं काय? पनवेलला वगैरे?"

मी त्यांच्या हातातली किटली तेवढी घेतली.

शेवटी एकदाचा निघायचा व्हिसा लागला. जवळच्या आभाच्या विमानतळावर सोडायला मी गेले होते. गाडी नवा सौदी ड्रायव्हर चालवत होता, भला माणूस. भाई शेजारी बसलेले. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय रिकाम्या जमिनीवर दाबला जायचा.

दारात मी विचारलं, "श्रीवर्धनपर्यंत थेट गाडी मिळेल ना, भाई?"

"म्हसळ्याला उतरीन," ते म्हणाले. "तिथवर तिला सांगितलंय. पुढचं चालत जाईन."

मग बॅग उचलली आणि रांगेत जाऊन उभे राहिले.